३२०० आणि ३६०० ची रॅम लावलीये पण चालते २४०० वर, एक्सएमपी टिकतच नाही

लातूरचा_एडिटर:

नमस्कार मंडळी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं काम आहे माझं, सीझन तोंडावर आलाय आणि नेमकी आत्ताच पीसीनं नाटकं सुरू केलीत म्हणून विचारतोय.

मशीन सांगतो. प्रोसेसर रायझेन ५ ५६००, बी४५० चा चार स्लॉटवाला बोर्ड, विंडोज ११. रॅम आधी १६ जीबी होती, ८ च्या दोन स्टिक, ३२०० सीएल १६ (सीएल म्हणजे टायमिंग, रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते तो आकडा). फोरके टाइमलाइन उघडली की १६ पुरायची नाही, सगळं अडखळत चालायचं, म्हणून गेल्या महिन्यात ८ च्या अजून दोन घेतल्या. कंपनी तीच, दिसायलाही सेम, फक्त दुकानात ३२०० शिल्लक नव्हती म्हणून त्यानं ३६०० सीएल १८ दिली, म्हणाला जास्त स्पीडची आहे, आपोआप खाली जुळवून घेते, तुमचा फायदाच आहे.

आता टास्क मॅनेजरमध्ये स्पीड दाखवतंय २४००. सीपीयू-झेडमध्ये (प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) तर १२०० च दिसतं, त्यामुळे खरं कुठलं तेच कळेना. बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची बोर्डाची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा बॉक्सवरचा स्पीड लावायचं प्रोफाइल, चालू करायला गेलो तर तिथं प्रोफाइल ३६०० चं दिसतं, ते सेव्ह केलं की पीसी चालू होतो बंद होतो, परत चालू परत बंद, स्क्रीन काळीच, आणि शेवटी कसंबसं विंडोज येतं ते २४०० वरच. मग हातानं ३२०० टाकून बघितलं तर आलं की सुरू! दिवसभर काम केलं, खूश होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर परत २४००. रात्री आम्ही भिंतीवरचा स्विच बंद करूनच झोपतो, त्याचा काही संबंध असेल का? फॅनचं सेटिंग केलेलं तेही उडालेलं असतं.

दुकानदार म्हणतो रॅम ओके आहे, बोर्ड गेलाय. बोर्डाची वॉरंटी संपली. एक मित्र म्हणतो प्रोसेसरच खराब. दोन्ही बदलायची ऐपत नाही सध्या, तर आधी काय बदलू तेवढं सांगा.

सोल्डरवाला:

थांब थांब, काहीच बदलू नकोस अजून.

आधी तो १२०० चा घोळ. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा जातो. सीपीयू-झेड खरं घड्याळ दाखवतं, १२०० मेगाहर्ट्झ, आणि टास्क मॅनेजर त्याची दुप्पट, २४००. दोन्ही खरंच बोलतायत. ३२०० वर आलास की सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसायला पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. तू एकाच दमात दोन वेगवेगळे प्रॉब्लेम सांगितलेस आणि दुकानदारानं ते एकच समजून बोर्डावर बिल फाडलं. एक, ३६०० चं प्रोफाइल लागत नाही. दुसरं, लागलेलं ३२०० सकाळी गायब होतं. यातला दुसरा मला बोर्डावरच्या सेलचा वाटतोय, तो गोल बटणसेल, सीआर२०३२. पीसी बंद असला तरी भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएसमधून (पीसीचा पॉवर सप्लाय) बोर्डाला थोडा करंट मिळत राहतो आणि सेटिंग टिकतं. स्विच बंद केलास की सगळी भिस्त त्या सेलवर. तो मेला असेल तर बायोस सकाळी कोऱ्या पाटीनं उठतो, एक्सएमपी गेलं, फॅन गेले, सगळं गेलं. आपल्याकडे रात्री स्विच बंद करायची सवय घरोघरी आहे, त्यात लोडशेडिंग, त्यामुळे असले पीसी माझ्याकडे ढिगानं येतात आणि निम्मे लोक रॅम खराब म्हणूनच घेऊन येतात.

खात्री कशी करायची सांगतो. आज रात्री स्विच बंद कर. सकाळी चालू करताना विंडोज येऊ देऊ नकोस, डिलीट दाबून सरळ बायोसमध्ये जा आणि तिथली तारीख बघ. विंडोजमधली बघून उपयोग नाही, नेट मिळालं की विंडोज वेळ गुपचूप दुरुस्त करून घेतं आणि म्हणूनच तुला कधी कळलं नसणार. बायोसमध्ये जुनी तारीख दिसली तर सेल मेला. घड्याळजीकडे, किराणा दुकानात, कुठंही मिळतो. घरात मल्टीमीटर असेल तर सेल ३ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा, अडीचच्या खाली असेल तर विषय संपला.

काय_फरक_पडतो:

कशाला एवढी झिगझिग? २४०० काय नि ३२०० काय, एक्सपोर्टला दोन मिनिटं इकडेतिकडे. ३२ जीबी मिळाली ना, टाइमलाइन पळतीये ना, मग चालव तसंच आणि लग्नं उरकून घे.

बिट_बिघाड:

@काय_फरक_पडतो अर्धं बरोबर आहे. एडिटिंगला आधी जीबी लागतात, स्पीड नंतर, हे मान्य. पण रायझेनमध्ये आतली इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या घड्याळाला बांधलेली असते, रॅम २४०० वर म्हणजे फॅब्रिक १२०० वर, म्हणजे प्रोसेसरच्या आतली देवाणघेवाणसुद्धा हळू होते. ड्युअल चॅनेलला २४०० वर सेकंदाला ३८.४ जीबी जातात, ३२०० वर ५१.२. ही कागदावरची मर्यादा आहे, एक्सपोर्ट काही त्या प्रमाणात पळत नाही, पण एवढं अंतर उगाच का सोडायचं.

@लातूरचा_एडिटर सोल्डरवाले काका सेलबद्दल म्हणतायत ते आधी करा. मी पहिल्या प्रॉब्लेमबद्दल लिहितो, थोडं लांबेल.

बॉक्सवर ३६०० लिहिलंय म्हणजे ती रॅम लावल्या लावल्या ३६०० वर पळणार असं नसतं. प्रत्येक स्टिकवर एक बारीक चिप असते, एसपीडी म्हणतात, तिच्यात दोन प्रकारच्या नोंदी असतात. एक जेडेकच्या (मेमरीची मानकं ठरवणारी संस्था), म्हणजे कुठल्याही बोर्डावर १.२ व्होल्टवर बिनबोभाट चालेल असे स्पीड, २१३३, २४००, २६६६ वगैरे. दुसरी एक्सएमपीची, म्हणजे कंपनीनं निवडून तपासलेला जास्तीचा स्पीड, त्याला बहुधा १.३५ व्होल्ट लागतात आणि तो बायोसमध्ये जाऊन आपण मागावा लागतो. एक्सएमपी इंटेलचं, एएमडीच्या बोर्डांवर तेच कुठं डीओसीपी तर कुठं ए-एक्सएमपी नावानं असतं, काम एकच. सरळ सांगायचं तर एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकिंगच आहे, फक्त एका क्लिकवर आणून ठेवलेलं.

आता तुमच्याकडे दोन वेगळे किट. एक्सएमपी बंद असताना बोर्ड चारही स्टिकना चालेल असा जेडेकचा आकडा शोधतो, एका किटची नोंद बहुधा २४०० लाच संपत असेल म्हणून २४००. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये एकेक स्लॉट निवडून बघा, तिथं लिहिलेलं दिसेल, सिंगल रँक की ड्युअल रँक (स्टिकवर चिप्सचा एक गट की दोन) तेही तिथंच कळेल, ते इथं सांगा. आणि एक्सएमपी चालू करता तेव्हा बोर्ड नव्या किटचं ३६०० चं प्रोफाइल उचलून चौघांवर लादतोय, जुन्या ३२०० च्या स्टिकसकट. त्या कशा तयार होतील? ते चालू-बंद चालू-बंद जे होतं ना त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, बोर्ड रॅमशी सिग्नल जुळवून बघत असतो, काही वेळा नापास झाला की गप २४०० वर येतो आणि बरेचदा स्क्रीनवर काही सांगतही नाही.

शिवाय स्टिक चार आहेत. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, आणि एएमडीनं स्वतःच रायझेनच्या या पिढ्यांसाठी जे आकडे दिलेत त्यात दोन स्टिकना ३२००, चार सिंगल रँकना २९३३ आणि चार ड्युअल रँकना २६६७ आहे. त्याच्या वर जे मिळेल ते नशीब. ३६०० वर चार स्टिक चालणारे लोक आहेत, नाही असं नाही, पण ते एकाच किटमधल्या चार आणि चांगल्या बोर्डावर. दुकानदार म्हणाला जास्त स्पीडची रॅम खाली जुळवून घेते ते खरंय, पण ते टायमिंग आणि व्होल्टेजसकट सगळ्यांना मानवेल असं जुळवणं बोर्ड स्वतःहून करेलच असं नाही, ते हातानं द्यावं लागतं.

तर असं करा. नवीन दोन काढा. जुन्या दोन प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, बोर्डावर ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. एक्सएमपी ३२०० लावा, मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर फिरवा. मग त्या काढून त्याच दोन स्लॉटमध्ये नवीन दोन लावून तसंच. दोन्ही किट एकेकटे पास झाले तर रॅम, बोर्ड, प्रोसेसर तिन्ही धडधाकट आहेत आणि भांडण फक्त एकत्र नांदण्याचं आहे. दुकानदाराशी वाद घालायचा तो त्यानंतर.

चौघं परत लावताना एका किटच्या दोन स्टिक एका रंगाच्या स्लॉटमध्ये, दुसऱ्या किटच्या दुसऱ्या रंगात, म्हणजे दोन्ही चॅनेलवर सारखी वाटणी होते. एक्सएमपी लावूच नका. हातानं २९३३ टाका, टायमिंग १८-२२-२२-४२, व्होल्टेज १.३५. हे टायमिंग जुन्या किटसाठी ढिलं आहे पण नवीन ३६०० वाल्याला तसंच लागत असणार. ते टिकलं तर मग ३२०० चा नाद करा.

आणि एक, हे सगळं होईपर्यंत क्लायंटचं कार्ड या पीसीवर कॉपी करू नका. डेटा रॅममधूनच जातो. रॅम अस्थिर असेल तर कॉपी झाली असं दाखवेल आणि आत एखादा बिट उलटलेला असेल, सप्तपदीच्या मधोमध हिरवे चौकोन दिसले की मग कुणाला सांगणार.

सोल्डरवाला:

छान लिहिलंस रे. दोन गोष्टी माझ्याकडून. बायोस जुना असेल तर अपडेट करून घे, एएमडीच्या नव्या बायोसमध्ये मेमरीचं ट्रेनिंग सुधारलेलं असतं, बी४५० बोर्ड २०१८ पासूनचे आहेत, ५६०० नंतर आला. पण अपडेट करताना पीसी यूपीएसवर पाहिजे, मधेच लाइट गेली तर बोर्ड खरंच जाईल. आणि विंडोज ११ आहे तर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला कुलूप) चालू आहे का बघ, असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेव. बायोस अपडेट झालं की ती विचारू शकतं, आणि नसेल तर ड्राइव्ह उघडणार नाही.

एवढं करून एकच चॅनेल दिसत असेल किंवा एक स्टिक गायबच असेल तर कूलरचे स्क्रू बघ. एका कोपऱ्यातला फार आवळलेला असेल तर प्रोसेसर सॉकेटमध्ये नीट बसत नाही आणि एक चॅनेल जातो, असे पीसी पाहिलेत मी. तुझं लक्षण ते वाटत नाही पण सांगून ठेवतो.

लातूरचा_एडिटर:

काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं! सकाळी बायोसमध्ये १ जानेवारी, आणि साल कुठलं तरी मागचंच. सेल बदलला, काढताना ती क्लिप लई कडक होती, भीती वाटली बोर्डाची, पण निघाला. आता स्विच बंद करून झोपलो तरी सेटिंग जागच्या जागी.

बिट_बिघाड दादा, जुन्या दोन ३२०० वर मेमटेस्टला एकही एरर नाही. नवीन दोन एकट्या ३६०० वर, एक्सएमपीनं, त्याही पास. सगळ्या सिंगल रँक आहेत. आणि गंमत म्हणजे एसपीडी टॅबमध्ये जुन्या स्टिकची जेडेकची नोंद २६६६ पर्यंत आहे आणि नवीन ३६०० वालीची २४०० लाच संपते. म्हणजे महागाच्या स्टिकमुळं स्वस्तातली खाली आली!

चारही लावून तुमचं टायमिंग टाकलं. २९३३ वर रात्रभर मेमटेस्ट, स्वच्छ. ३२०० वर विंडोज येतं, ब्राउझर वगैरे सगळं चालतं, पण मेमटेस्टमध्ये लाल ओळी यायला लागतात. आता यूट्यूबवर एक जण सांगतोय व्होल्टेज १.४५ कर, सगळं पळतं. करू का?

बिट_बिघाड:

लाल ओळ एक आली काय नि शंभर आल्या काय, कामाच्या पीसीला ती नापासच. विंडोज येतं म्हणजे स्थिर आहे असं नसतं, हेच तर फसवं आहे. तुम्ही आधी दिवसभर ३२०० वर काम केलंत ना, तेव्हाच्या फाइल एकदा उघडून बघा आणि त्या दिवशी कार्ड कॉपी केलं असेल तर मूळ कार्ड अजून फॉरमॅट करू नका.

१.४५ नको. काही चिप्स ते सहन करतात, काहींना उलट जास्त व्होल्टेजनं एरर वाढतात, तुमच्या दोन किटमध्ये आतल्या चिप्स वेगळ्या असणार त्यामुळे एकाला मानवेल ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही. हौस असेल तर रॅम १.३७ आणि एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.१ करून ३२०० परत तपासता येईल, पण हे रविवारचं काम आहे, सीझनमधलं नाही. २९३३ वर तुम्हाला सेकंदाला ४६.९ जीबी मिळतायत, २४०० पेक्षा साडेआठ जास्त, ३२०० पेक्षा सव्वाचार कमी. आणि एएमडी चार स्टिकना जेवढं देते तेवढं तुम्हाला पूर्ण मिळालंय. मी असतो तर इथंच थांबलो असतो. फार तर २९३३ वरच टायमिंग १६-२०-२०-४० करून एकदा मेमटेस्ट लावा.

काय_फरक_पडतो:

म्हणजे शेवटी मी म्हणत होतो तेच, चालव तसंच 😄

बिट_बिघाड:

@काय_फरक_पडतो तुमचं "तसंच" २४०० वर होतं, मेलेल्या सेलसकट!

अपर्णा_पुणे:

वाचता वाचता माझाही बघितला. आय५ १०४००, एच५१० बोर्ड, ३२०० ची रॅम, आणि टास्क मॅनेजरमध्ये २६६६. सेल बदलला, एक्सएमपी चालू केलं, टिकतंही, पण २६६६ च्या वर जातच नाही. स्टिक दोनच आहेत आणि एकाच किटमधल्या. मला कुठला रोग?

सोल्डरवाला:

ताई, तुमचा पीसी ठणठणीत आहे. आय५ १०४०० ला इंटेलनंच २६६६ दिलंय, आणि एच४१०, बी४६०, एच५१० हे चिपसेट मेमरी ओव्हरक्लॉक करू देत नाहीत. तुम्ही एक्सएमपी लावता तेव्हा टायमिंग आणि व्होल्टेज कदाचित लागत असेल पण स्पीड प्रोसेसरच्या मर्यादेला येऊन थांबतो. दोन वाटा आहेत, बी५६० चा बोर्ड घ्यायचा, तिथं इंटेलनं मेमरीचं कुलूप काढलं, नाहीतर याच बोर्डावर अकराव्या पिढीचा आय५ बसवायचा, त्याला ३२०० अधिकृत आहे. दोन्हीला जेवढे पैसे जातील तेवढा फरक तुम्हाला दिसणार नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? नसेल आणि प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर गेम खेळत असाल तरच थोडा जाणवेल, कारण ते रॅमच वापरतं.

अपर्णा_पुणे:

गेम नाही हो, टॅली आणि एक्सेल. मग दुकानदारानं ३२०० च घ्या म्हणून का गळ्यात मारली?

सोल्डरवाला:

त्याच्याकडे तीच असणार! आता २६६६ शोधायला गेलात तर मिळतेच असं नाही, मिळाली तर स्वस्त असतेच असंही नाही. टॅलीला काही फरक नाही, राहू द्या तीच.

चाळीतला_गेमर:

नवीन पीसी घेणाऱ्यांसाठी टाकून ठेवतो, डीडीआर५ ला चार स्टिकचा त्रास याच्यापेक्षा मोठा आहे. रायझेन ७००० ला दोन स्टिकवर ५२०० अधिकृत आहे आणि चारवर ३६००, हो ३६००च, मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती. त्यामुळे पुढे वाढवू म्हणून ८ च्या दोन घेऊ नका, सुरुवातीलाच १६ च्या दोन घ्या आणि दोन स्लॉट रिकामे राहू द्या. आणि एक्स्पो (एएमडीचं डीडीआर५ साठीचं एक्सएमपीसारखं प्रोफाइल) लावल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, ट्रेनिंग चालू असतं, घाबरून स्विच बंद करायचा नाही, नाहीतर परत पहिल्यापासून.

लातूरचा_एडिटर:

१६-२०-२०-४० वर पण रात्रभर एरर नाही आली, तेच ठेवलंय. त्या दिवशीच्या फाइल तपासल्या, एका हळदीच्या क्लिपमध्ये मधे दोन फ्रेम फुटलेल्या सापडल्या. कार्ड अजून फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून वाचलो, परत कॉपी केली, आता नीट आहे. दुकानदाराकडे जाऊन सांगितलं बोर्ड ओके आहे, सेल गेला होता, तर म्हणतो मी तेच म्हणत होतो.